डमी मारा म्हणे!

माझ्या ट्रकच्या टायरात हवा भरेना झाली. हवा कुठून जाते ते शोधायचं, का हवेची वाटच बुजवायची? सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव, चार ठिकाणचे मिस्त्री करून झाले. चौघांचं उत्तर एकच. "शेठ, कशाला एवढा व्याप? चाकाची हवेची लाईन काढा, तोंडाला डमी मारा, म्हणजे बूच ठोका. चालतंय की!"

नाही चालत! मी ती गाडी घेतलीच त्या लाईनसाठी!

लष्कराच्या लिलावातून दोन हात फिरून आलेला ट्रक आहे. सहा चाकं, सहाही ओढणारी, आणि टायरची हवा केबिनमध्ये बसून कमी-जास्त करता येते. आमचा ऊस पलूस तालुक्यात, कृष्णाकाठच्या मळीच्या, म्हणजे गाळाच्या रानात. परतीचा पाऊस लांबला की तिथली काळी माती आठवडेच्या आठवडे वाळत नाही. साधा ट्रक भरला की अॅक्सलपर्यंत बसतो. मग दोन ट्रॅक्टर, साखळ्या, शिव्या आणि अर्धा दिवस मातीत. या गाडीची हवा ६० पौंडांवरून २५ वर आणली की टायर पसरतो, ओझं जास्त जागेवर वाटलं जातं आणि गाडी हळूहळू आपल्या पायानं बांधावर येते. डांबरीला लागायच्या आधी परत भरायची, पाव तासाचं काम. दोन हंगाम मी हे केलंय. आणि हे खूळ आजचं नाही. अमेरिकेच्या 'डक' नावाच्या, पाण्यात नि जमिनीवर चालणाऱ्या गाडीत दुसऱ्या महायुद्धातच ड्रायव्हर बसल्या जागेवरून टायरची हवा बदलत होता. ऐंशी वर्षं झाली त्याला. आणि आमचा मिस्त्री आज म्हणतो, "असलं काय टिकत नसतंय."

हंगाम सुरू झाला आणि हवा भरेना. लिव्हर ओढला की काटा चाळीसला जाऊन तिथंच थरथरत बसायचा. पहिल्यानं कॉम्प्रेसरचं हेड बदललं. दुसऱ्यानं हवेतलं पाणी काढणारा ड्रायर. तिसऱ्यानं केबिनमधला व्हॉल्व्ह बदलला, वर दोन ट्यूबा टाकल्या. गळती कुठं आहे बघायला एकानंसुद्धा साबणाचं पाणी हातात घेतलं नाही! प्रत्येकानं एक पार्ट काढला, एक घातला, बिल फाडलं. बत्तीस हजार गेले. तिकडं टोळी फडात बसून, तोडलेला ऊस दोन दिवस उन्हात. तोडलेल्या उसाचं वजन तासातासाला उतरतं, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागतं का? ते नुकसान कोणाच्या बिलात धरायचं?

पण खरा संताप पुढं आहे. चौथ्याकडून गाडी घेऊन येत होतो, रिकामी होती म्हणून वाचलो. हवा भरायचा लिव्हर ओढलेलाच होता. ब्रेकच्या हवेचा काटा (तो किलोत असतो) सातवरून सहा, सहावरून पाच, चालत्या गाडीत खाली येताना बघितला मी. बझर वाजायला लागला. गाडी कशीबशी कडेला घेतली आणि खाली शिरून बघतो तर ब्रेकची टाकी आणि टायरची लाईन यांच्यामधला प्रोटेक्शन व्हॉल्व्हच गायब! त्याच्या जागी सरळ पाइप. फोन केला तर म्हणतो, "हवा लवकर भरावी म्हणून काढलाय, दादा." अरे, तो व्हॉल्व्ह कशासाठी असतो? टायरकडं कितीही गळती झाली तरी ब्रेकपुरती हवा टाकीत राहावी म्हणून! दहा-बारा टन ऊस घेऊन मी गावातनं जातो, शाळा सुटायच्या वेळेला रस्त्यावर पोरं असतात. कुणाच्या जिवावर लवकर भरायची होती हवा?

त्या दिवशी ठरवलं, आता दुसऱ्याच्या हाताला गाडी द्यायची नाही. रात्री सहाही चाकांचे कॉक, म्हणजे प्रत्येक चाकावरची हवेची चावी, बंद केले, प्रत्येक टायरची हवा वहीत लिहिली. सकाळी सहाही जागच्या जागी. म्हणजे टायर, ट्यूब, कॉक सगळं चांगलं होतं आणि ट्यूबांचे पैसे फुकट गेले. मग इंजिन चालू ठेवून एकेक कॉक उघडत गेलो. पाच चाकांनी हवा घेतली. मागच्या अॅक्सलचं डावं चाक उघडलं आणि काटा पडला. पुतण्यानं पाइपाला, जोडांना शाम्पूचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. ड्रमच्या मागं हात धरला तर हवेची गार फुंकर हाताला लागली आणि बोटांना ग्रीस. हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबाच फुंकत होता.

चाक उतरवलं. हवा आत स्टबमधनं, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या न फिरणाऱ्या दांड्यातनं येते आणि दोन ऑइल सीलांच्या मधल्या पोकळीतून फिरत्या हबमध्ये जाते. दोन्ही सीलांची स्प्रिंगची बाजू हवेकडं, म्हणजे एकमेकांसमोर पाहिजे. तरच हवेच्या दाबानं सीलचं लिप, म्हणजे रबरी कड, घट्ट बसतं. यातलं बाहेरचं सील उलटं! उन्हाळ्यात बेअरिंगचं काम केलेल्यानं उलटं ठोकलेलं. हवा हबच्या बेअरिंगकडं घुसत होती, ग्रीस ढकलून ड्रममध्ये टाकत होती, आणि ब्रेकचे लायनर ग्रीसनं माखलेले. म्हणजे त्या चाकाला ब्रेक नव्हताच! चौघांपैकी एकानं जरी चाक उतरवलं असतं तरी दिसलं असतं. साडेतीनशेचं सील!

दोन्ही सीलं नवी घातली, लायनर बदलले, प्रोटेक्शन व्हॉल्व्ह परत जागेवर बसवला. काल रात्री सहाही कॉक उघडे ठेवून गाडी उभी केली. सकाळी काटा ५८ ला होता.

आणि आज त्या चौथ्याचा फोन. मजुरीचे चार हजार राहिलेत म्हणे. एक रुपया देणार नाही. व्हॉल्व्हच्या जागी तू घातलेला पाइप तेवढा परत घेऊन जा म्हणून सांगितलंय.