सुलट बाजू आत

शिवणकामातली पहिली सूचना आणि शेवटची सूचना एकच असते : सुलट बाजू आत घ्या. म्हणजे जी बाजू जगाला दाखवायची ती लपवायची, जी लपवायची ती बाहेर काढायची, मग शिवायचं आणि मग सगळं उलटवायचं. उशीच्या एका अभ्र्यापुरतं हे निभावतं. पण ‘यंदा सगळ्यांना आपल्या हातची पिशवी शिवून द्यायची’ असं मनात आलं, की माणूस पुढचे कित्येक दिवस डोक्यानेही उलटाच चालायला लागतो.

यादी तिघांपासून सुरू होते आणि बारावर जाते, कारण मावशीला दिली आणि आत्याला नाही असं चालत नाही. मग तो सुप्रसिद्ध गुणाकार : एका पिशवीला दीड तास, तर बारा पिशव्यांना अठरा तास. या गुणाकारात कापड धुणं, वाळवणं, इस्त्री करणं, आखणं, कापणं आणि उसवणं धरलेलं नसतं. प्रत्यक्ष मशीन चालतं ते एकूण वेळाच्या पाव हिश्श्यात, असं माझं मत आहे. उरलेला पाऊण हिस्सा माणूस टाचण्या शोधत असतो.

कापड धुण्याचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. कोरं कापड कसं कडक, कापायला सोपं, खडूची रेघ छान उमटते. पण सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं. ५ टक्के म्हणजे ४० सेंटिमीटरला तब्बल २ सेंटिमीटर. खरी गंमत पुढे आहे. बाहेरचं कापड सुती आणि अस्तर पॉलिएस्टरचं असेल, तर धुतल्यावर बाहेरचं आटतं, अस्तर जागचं हलत नाही, आणि पिशवी आतून ओठ काढून रुसलेल्या मुलासारखी दिसते. हे सगळं भेट घेणाऱ्याच्या घरी, पहिल्या धुण्यानंतर घडतं. आपण तिथे नसतो एवढंच सुख. तेव्हा दोन्ही कापडं आधी धुवा, किंचित ओलसर असताना इस्त्री करा. गडद रंग असेल तर पांढऱ्या ओल्या फडक्याने घासून बघा. फडकं रंगलं, तर पांढऱ्या अस्तराशी त्याचं लग्न लावू नका.

आता हत्ती. छापील कापडावर हत्ती, झाडं, मांजरी, काहीही असेल ते पायांवर उभं असतं. साध्या पिशवीसाठी लांबलचक एकच तुकडा घेऊन तळाशी दुमडला, की तळाची शिलाई वाचते. शिलाई वाचते आणि मागच्या बाजूचे हत्ती शीर्षासन करतात. बाजूच्या शिलाया घालून, पिशवी उलटवून, इस्त्री करून, समोर धरून ‘वा!’ म्हणेपर्यंत हे लक्षात येत नाही. इलाज अगदी साधा आहे : पुढचा आणि मागचा असे दोन वेगळे तुकडे कापायचे, दोन्हीकडे डोकं वर ठेवायचं, आणि तळाला शिलाई घालायची. दोन सेंटिमीटर कापड जास्त जातं. हत्तींची संख्या तेवढीच राहते. (पाहुण्याला हत्ती दिसतच नाहीत असंही होतं, पण आपल्याला रात्री दिसतात.)

पट्ट्याचं गणित सरळ आहे. ८ सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या, दोन्ही कडा मध्याशी आणून दुमडा, मग पुन्हा मधोमध दुमडा, झाला २ सेंटिमीटरचा चार पदरी पट्टा. दोन्ही कडांना दाबशिलाई, म्हणजे काठालगत वरून दिसणारी शिलाई, घाला. खांद्याला अडकवायचा असेल तर लांबी ६५ सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. गणितात न येणारी गोष्ट म्हणजे कापडाचा स्वभाव. उभ्या धाग्यावर कापड जवळजवळ ताणत नाही, आडव्यावर थोडं ताणतं, आणि उरेब, म्हणजे तिरकं कापलेलं, रबरासारखं लांबतं. उरलेल्या कोपऱ्यातून कापड वाचवायला पट्टा उरेब कापला, तर पहिल्या आठवड्यात पिशवी कमरेला असते, महिन्याने गुडघ्याला. पट्टा शिवण्याआधी दोन्ही टोकं टाचून पिशवी एकदा हातात लटकवून बघा. पट्ट्याला एक पीळ राहून गेला, तर तो दोन्ही टोकं पक्की केल्यावरच दिसतो. त्याआधी तो मांजरासारखा गप्प बसलेला असतो.

पट्टा पिशवीला जोडताना टोकाशी चौकोन आणि चौकोनात फुली शिवतात, ती शोभेची नव्हे, सगळं वजन तिथे येतं म्हणून. इथे मशीनची सुई मोडते. का मोडू नये? चार पदर पट्ट्याचे, तीन पदर पिशवीच्या दुमडलेल्या काठाचे, असे सात पदर तिने ओलांडायचे. सुईच्या पाकिटावर ८०/१२, ९०/१४, १००/१६ असं लिहिलेलं असतं. त्यातला पहिला आकडा सुईची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, म्हणजे ९० नंबरची सुई ०.९ मिलिमीटर जाड. नेहमीच्या सुती कापडाला ८०, जाड कापडाला ९०, आणि असले सात पदर आले की १००. त्या चार इंचांसाठी पायाने मशीन पळवू नका, चाक हाताने फिरवा. आणि टाचणीवरून सुई नेऊ नका. ‘माझी सुई टाचणीवरून आरामात जाते’ म्हणणाऱ्यांचं मला कौतुक आहे. मी त्यांच्यासमोर चष्मा घालून बसतो.

मशीनबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण निम्मी भांडणं तिथेच होतात. इलायस होव यांनी १८४६ साली अमेरिकेत ज्या मशीनचं पेटंट घेतलं, तिच्यात सुईचं नेढं टोकाशी होतं आणि टाका दोन धाग्यांचा होता : एक वरून येणारा, एक खालून. तेव्हापासून आजवर दोन धाग्यांचा हा संसार चालू आहे, आणि संसाराचा नियम इथेही आहे. खाली धाग्याचा पुंजका झाला, तर चूक बहुतेक वेळा वरच्या धाग्याची असते. आपण मात्र बॉबिन, म्हणजे खालच्या धाग्याची फिरकी, काढतो, झटकतो, फुंकर मारतो, पुन्हा लावतो, तिच्यावर ओरडतो. बॉबिनचा काही संबंध नसतो. धागा ओवताना फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, खाली राहिलेलं असतं. ते वर असताना ताणाच्या चकत्या उघड्या राहतात आणि धागा त्यांच्यात नीट शिरतो. खाली असताना चकत्या मिटलेल्या, मग धागा वरूनच सटकून जातो आणि वरच्या धाग्याला ताणच राहत नाही. फूट वर करून पुन्हा ओवा. आणि शिलाई सुरू करताना दोन्ही धाग्यांची १० सेंटिमीटरची टोकं मागे धरून ठेवा, नाहीतर पहिल्या तीन टाक्यांतच चिमणीचं घरटं तयार होतं. बॉबिन संपते ती मात्र नेहमी शेवटच्या दहा सेंटिमीटरला. तिथे ताणाचा वगैरे प्रश्न नाही, तिथे नशीब.

ज्यांना पिशवी नको त्यांच्यासाठी अभ्रा असतो. लोकांना वाटतं, चौकोन शिवायचा, त्यात काय? मागे चेन न लावता दोन तुकडे एकमेकांवर चढवून केलेला अभ्रा खरोखर सोपा आहे, फक्त आकडे नीट लिहून ठेवायचे. ४० सेंटिमीटरच्या उशीला पुढचा तुकडा ४२ बाय ४२, चारही बाजूंना १ सेंटिमीटर दाब, म्हणजे शिलाईच्या बाहेर राहणारी कड, धरून. मागचे दोन तुकडे प्रत्येकी ४२ बाय २९ : २५ प्रत्यक्ष, १ दाबाचा, ३ काठाच्या दुमडीचे. असे दोन चढवले की मधे १० सेंटिमीटर एकमेकांवर येतात. हे दहा वाचवायला जाऊन पाच केले, तर उशी पाठीमागून डोकावते. पुढचा तुकडा सुलट बाजू वर करून ठेवा, मागचे दोन सुलट बाजू खाली करून त्यावर, दुमडलेले काठ मधे. चारही बाजू शिवा. कोपऱ्यावर सुई कापडातच खुपसलेली ठेवून फूट उचला, कापड वळवा, फूट टाका.

कोपऱ्याचा दाब तिरका कापायचा, शिलाईपासून दोनतीन मिलिमीटर सोडून. न कापता उलटवला तर आत कापडाचा गोळा जमतो आणि कोपरा बटाट्यासारखा दिसतो. शिलाईच कापली तर कोपऱ्याला खिडकी पडते. आणि उलटवल्यावर कोपरा टोकदार काढायला कात्रीचं टोक हाताशीच असतं. तिथेच घात होतो. कात्री कापायलाच केलेली आहे, ती आपलं काम करते. विणायची जाड सुई घ्या, बोथट टोकाची.

आता चेनची छोटी पिशवी. अभिमानाने द्यावी अशी भेट, आणि माणसाची खरी परीक्षा. बाहेरचे दोन तुकडे, अस्तराचे दोन, प्रत्येकी २४ बाय १८. चेन नायलॉनची, रुंदीपेक्षा चारपाच सेंटिमीटर लांब. बाहेरचा तुकडा सुलट वर, त्यावर चेन तोंड खाली, त्यावर अस्तर सुलट बाजू खाली. तिन्ही कडा जुळवून चेनसाठीचं, एका बाजूचं फूट लावून शिवा. तसंच दुसरीकडे. मग बाहेरचे दोन तुकडे एकमेकांवर, अस्तराचे दोन एकमेकांवर, पुन्हा सुलट बाजू आत. सगळीकडून शिवायचं, अस्तराच्या तळाला १० सेंटिमीटरची वाट सोडून. त्या वाटेतून अख्खी पिशवी बाहेर ओढायची.

इथे दोन संकटं आहेत आणि दोन्ही टाळता येण्यासारखी, म्हणून जास्त लागणारी. पहिलं : सगळं शिवून झालं, दाब कापले, वाटेतून हात घातला आणि कळलं की चेन बंद आहे. आता तिचा रनर आत, कुलपाची किल्ली कुलपातच ठेवल्यासारखा. कापडावरून चाचपडत, दोन पदरांमधून चिमटीत धरून तो सरकवता येतो, पण त्या वेळात तोंडातून जे निघतं ते भेटीबरोबर द्यायचं नसतं. शिवण्याआधी चेन अर्धी उघडा. दुसरं संकट त्याहून साधं. जास्तीची चेन कापायची म्हणून कात्री चालवली, आणि रनर कापलेल्या तुकड्यात राहिला. हातात दोन सेंटिमीटर चेन आणि एक रनर, समोर उघडीच राहणारी पिशवी. आधी रनर मधोमध आणा, मग दोन्ही टोकं शिवा, मग कापा. हा क्रम मी मशीनच्या समोर भिंतीवर लिहून चिकटवला आहे. तिकडे बघायची आठवण कुठे लिहायची, तेवढं ठरायचंय.

चिकटणाऱ्या बकरमबद्दल, म्हणजे कापडाला ताठपणा देणाऱ्या आतल्या थराबद्दल, थोडक्यात : गोंदाची, खरखरीत बाजू कापडाच्या उलट बाजूला. इस्त्री फिरवायची नाही, एका जागी दहाबारा सेकंद दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची. बाजू चुकली तर बकरम कापडाऐवजी इस्त्रीला लागतं, आणि पुढे महिनाभर प्रत्येक शर्टावर त्याची आठवण निघते.

लहान मुलांना कापडी ससा शिवणार असाल तर डोळ्यांना गुंड्या लावू नका, तीन वर्षांच्या आतलं मूल त्या उपटून तोंडात घालतं. डोळे दोऱ्याने भरा. टाका बारीक ठेवा, दीड ते दोन मिलिमीटरचा, नाहीतर भरलेला फायबर शिलाईतून डोकावतो. आधी कान आणि पाय भरा, पोट शेवटी. पोट आधी भरलं, की कानांपर्यंत वाटच उरत नाही आणि ससा कायमचा निराश दिसतो.

बारा पिशव्या एकदम करायच्या तर एकेक पिशवी अशी न शिवता सगळ्यांचं कापणं एकदम, सगळ्यांची इस्त्री एकदम, सगळे पट्टे एकापाठोपाठ, मधे धागा न तोडता. वेळ खरोखर वाचतो. पण आधी एक पिशवी अगदी शेवटपर्यंत शिवून बघा. नाहीतर बकरमची चुकलेली बाजू बारा वेळा चुकते, आणि बारा उलट्या पट्ट्या हातात घेऊन माणूस खिडकीबाहेर बघत बसतो. आणि मग उसवणं. उसवताना एका बाजूचा दर तिसरा-चौथा टाका कापायचा, कापड उलटवून दुसऱ्या बाजूचा धागा ओढायचा. सरळ येतो. प्रत्येक टाका कापत बसलात तर कापडावर दोऱ्याची केसाळ दाढी उगवते.

शेवटी अस्तरातली ती १० सेंटिमीटरची वाट हाताने, आतल्या घडीतून टाका घेत, दिसणार नाही अशी बंद करायची. ती दिसत नाही. पिशवी सुलट होते, चेन चालते, हत्ती उभे असतात. मावशी कौतुक करते, आत्या पट्टा खांद्याला लावून आरशात बघते. फक्त ज्याला स्वतःला शिवता येतं, असा एखादा जण ती पिशवी हातात घेतो, एक शब्द न बोलता चेन उघडतो, आत हात घालतो आणि तिला आतून बाहेर उलटवतो.

अशांना मी पुस्तक देतो.