दर वेळी घरी परतणारा नट

माड्स मिकेलसनबद्दल कुठेही वाचायला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत एक वाक्य हमखास येतं: छोट्याशा डेन्मार्कमधून निघाला आणि थेट हॉलिवूडला पोचला. मला हे वाक्य पटत नाही. गेली दहा-बारा वर्षं या माणसाचं काम मी मिळेल तिथून, सबटायटल वाचत वाचत पाहत आले आहे. जितकं पाहिलं तितकं मनात पक्कं होत गेलं की त्याच्याबाबतीत 'पोचला' हा शब्दच चुकीचा आहे. पोस्ट लांबणार आहे, सवडीने वाचा.

आधी नाव. डॅनिश लोक ते 'मॅस' असं म्हणतात, मधला 'ड' गिळून टाकतात. मी आपल्याकडे रुळलेलंच लिहिते.

जन्म १९६५चा, कोपनहेगनचा. वाढला नोरेब्रो या कामगारवस्तीत. आई नर्स, वडील बँकेत. मोठा भाऊ लार्स, तोही पुढे नामवंत नट झाला. माड्सला लहानपणी जिम्नॅस्टिक्सचा नाद होता, त्यातून तो नाचाकडे वळला. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला जाऊन बॅले शिकला आणि जवळजवळ दहा वर्षं नर्तक म्हणून पोट भरलं. बायको हाने याकोब्सेन, तीही नृत्याच्याच क्षेत्रातली. अभिनय शिकायला डेन्मार्कमधल्याच ऑर्हुस शहरातल्या नाट्यशाळेत गेला आणि तिथून १९९६ साली बाहेर पडला तेव्हा तिशी गाठलेली होती.

इथे थोडं थांबते, कारण मला हा भाग फार जवळचा आहे. मी तालुक्याच्या गावात पोरांच्या एकांकिका बसवते. दर वर्षी सत्तावीस-अठ्ठावीसचा एखादा मुलगा तालीम संपल्यावर मागे रेंगाळतो आणि विचारतो, "ताई, आता उशीर झाला ना?" मी त्याला धीर देत नाही, माड्सचे सिनेमे दाखवते. त्या दहा वर्षांत त्याने शरीरात काय साठवलं ते पडद्यावर दिसतं. तो खुर्चीत बसतो कसा, खोलीत शिरताना आधी कुठला खांदा आत येतो, मार खाल्ल्यावर जमिनीवरून उठताना वजन कुठल्या पायावर घेतो, हे सगळं बघण्यासारखं असतं. इतके कमी संवाद घेऊन इतकं सांगणारा नट मी दुसरा पाहिलेला नाही. ती दहा वर्षं वाया गेली असं कोण म्हणेल?

पहिला मोठा सिनेमा 'पुशर', त्याच १९९६ सालचा. दिग्दर्शक निकोलस विंडिंग रेफन तेव्हा पंचविशीतला, त्याचाही पहिलाच सिनेमा. कोपनहेगनच्या गल्ल्यांत अमली पदार्थ विकणाऱ्या फ्रँकची गोष्ट आहे आणि माड्स त्याचा बडबड्या, उथळ साथीदार टॉनी. अर्ध्या वाटेत फ्रँक त्याला बेसबॉलच्या बॅटने बडवतो आणि टॉनी गोष्टीतून जवळजवळ नाहीसाच होतो. पण २००४ साली दुसरा भाग आला तेव्हा तो टॉनीचाच होता. डोक्याच्या मागे 'रिस्पेक्ट' असं गोंदवून घेतलेला आणि बापाकडून नेमकी तीच गोष्ट आयुष्यात कधी न मिळालेला माणूस. अशा फालतू गुंडासाठी डोळ्यांत पाणी येईल असं मला वाटलं नव्हतं.

आता डेन्मार्कबद्दल. साधारण साठ लाख माणसांचा देश. आपला एकटा पुणे जिल्हा त्याहून मोठा आहे. एवढ्या लहान भाषेतला सिनेमा तिकीटबारीच्या जोरावर जगू शकत नाही हे त्यांनी फार आधी ओळखलं. १९६६ साली सरकारी फिल्म स्कूल उभं राहिलं. सिनेमाला सार्वजनिक पैसा देणारी डॅनिश फिल्म इन्स्टिट्यूट आहे. १९९५ साली लार्स फॉन ट्रिअर आणि थॉमस विंटरबर्ग या दिग्दर्शकांनी 'डॉग्मा'चा जाहीरनामा काढला: कॅमेरा हातात धरा, खऱ्या जागी शूट करा, बाहेरून सामान आणू नका. गरिबीलाच त्यांनी शिस्त बनवलं आणि सगळ्या जगाचं लक्ष त्या एवढ्याशा देशाकडे वळलं. माड्स नाट्यशाळेतून बाहेर पडला तो बरोबर याच सुमारास. त्याची गुणवत्ता मी अजिबात कमी लेखत नाही. पण अशा वेळी आजूबाजूला लिहिणारे, दिग्दर्शन करणारे, पैसा उभा करणारे लोक असावे लागतात, आणि ते होते.

घराघरांत तो पोचला टीव्हीमुळे. त्यांच्या सार्वजनिक वाहिनीवर २००० ते २००४ या काळात एक पोलीस मालिका चालली, त्यात तो आलन फिशर नावाचा तपास अधिकारी होता. मालिकेला २००२ साली आंतरराष्ट्रीय एमी मिळाला. त्याच वर्षी दिग्दर्शिका सुसान बियरच्या 'ओपन हार्ट्स'मध्ये तो डॉक्टर होता, डॉग्माच्या नियमांत केलेला सिनेमा. एकाच वेळी लोकप्रियही आणि प्रायोगिकही, आणि त्यासाठी गाव सोडावं लागलं नाही.

मग २००६ उजाडलं. जगाला तो माहीत झाला तो 'कसिनो रॉयाल'मधला ल शिफ्र म्हणून. एका डोळ्यातून रक्ताचा अश्रू ओघळणारा, पत्त्यांच्या टेबलावर जेम्स बाँडसमोर बसलेला खलनायक. चाळिशीतला, बाहेरच्या प्रेक्षकांना फारसा माहीत नसलेला नट. बाँडचा खलनायक आरडाओरडा करतो अशी आपली सवय. हा मात्र श्वास घ्यायलाही कष्ट पडत असल्यासारखा शांत. पण त्याच वर्षी सुसान बियरचा 'आफ्टर द वेडिंग'ही आला होता. त्यात भारतात अनाथालय चालवणारा याकोब त्याने केला. परदेशी भाषेतल्या सर्वोत्कृष्ट सिनेमाच्या ऑस्करसाठी हा सिनेमा नामांकित झाला. त्या वर्षाबद्दल बोलताना लोक बाँडचं नाव घेतात, मी याकोबचं घेते.

एक सिनेमा बाहेरचा, एक घरचा, ही जोडी योगायोग असेल असं मला आधी वाटलं होतं. मग मी वर्षं मांडून बघितली. २०२० आणि २०२१च्या आगेमागे 'अनदर राउंड', 'रायडर्स ऑफ जस्टिस' हे घरचे सिनेमे, आणि लगोलग २०२२मध्ये हॅरी पॉटरच्या दुनियेतला खलनायक ग्रिंडेलवाल्ड. २०२३मध्ये इंडियाना जोन्सच्या सिनेमातला नाझी शास्त्रज्ञ, आणि त्याच वर्षी 'द प्रॉमिस्ड लँड', अठराव्या शतकात युटलंडच्या ओसाड माळरानावर बटाटा पिकवू पाहणाऱ्या हट्टी माजी सैनिकाची गोष्ट. युरोपियन फिल्म अवॉर्ड त्याला त्या बटाट्याच्या सिनेमासाठी मिळालं. आणि आंदर्स थॉमस येन्सन हा लेखक-दिग्दर्शक तर आहेच. २०००पासून त्याने जेवढे मोठे सिनेमे दिग्दर्शित केले त्या सगळ्यांत माड्स आहे. कुठे घामट, कपाळ मागे गेलेला खाटीक, कुठे दुःख बघायचंच नाही असं ठरवून बसलेला पाद्री, कुठे फाटक्या ओठाचा भाऊ. ज्या चेहऱ्यावर जग भाळलं तो चेहरा घरच्या माणसासाठी तो खुशाल विद्रूप करून घेतो.

माझं म्हणणं स्पष्ट सांगते. हॉलिवूडने त्याच्याकडून मुख्यतः गालाची हाडं आणि परदेशी उच्चार घेतला. बाँड, मार्व्हल, पॉटर, इंडियाना जोन्स, चारही ठिकाणी तो खलनायक. उच्चार बाहेरचा म्हणजे माणूस दुष्ट, हा त्यांचा जुना हिशेब आहे आणि तो मला खटकतो. एक अपवाद मनापासून मान्य करते, 'हॅनिबल', माणसं मारून खाणाऱ्या डॉक्टरची मालिका. २०१३ ते २०१५ अशी तीन पर्वं. ज्या भूमिकेसाठी अँथनी हॉपकिन्सला ऑस्कर मिळालं होतं ती पुन्हा करायला छाती लागते. याने तिला हातच वेगळा लावला. सुंदर सूट, हळुवार बोलणं, कांदा चिरावा तितक्या सहजतेने केलेली हिंसा. तरीही शिक्षक, बाप, मित्र, शेतकरी, पाद्री, म्हणजे साधा माणूस, त्याला बहुतेक वेळा डॅनिशमध्येच करायला मिळाला.

'द हंट' बघितला नसेल तर आज बघा. विंटरबर्गचा, २०१२ सालचा. ल्युकास बालवाडीत शिक्षक आहे. त्याच्या जिवलग मित्राची लहान मुलगी रागाच्या भरात काहीतरी बोलून जाते आणि सगळं गाव त्याला नराधम ठरवतं. या भूमिकेसाठी कान महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. मला त्यातला किराणा दुकानातला प्रसंग विसरता येत नाही. तुला इथे सामान मिळणार नाही असं सांगून तिथले लोक त्याला मारतात, बाहेर फेकतात. तो उठतो. चष्मा तुटलाय, तोंडातून रक्त येतंय. आणि तो परत आत जातो, आपलं सामान घ्यायला. त्याला सूड नको असतो, घरी स्वयंपाकाला लागणाऱ्या चार वस्तू हव्या असतात. मारणाऱ्याला कपाळाने एक धडक देतो, पिशवी उचलतो आणि लंगडत रस्त्याने निघतो. पाठमोरा. नर्तकाची पाठ आहे ती. मी तेवढाच प्रसंग मुलांना पाच-पाच वेळा दाखवते आणि सांगते, इथे त्याचा चेहरा दिसत नाही, तरी त्याचा अपमान कुठे दिसतो ते शोधा.

'अनदर राउंड'बद्दल लिहिताना हात जड होतो. चार शिक्षक रक्तात सतत थोडी दारू ठेवून जगण्याचा प्रयोग करतात, त्यांची गोष्ट. शूटिंग सुरू होऊन चार दिवस झाले आणि दिग्दर्शक विंटरबर्गची तरुण मुलगी ईडा अपघातात गेली. ती या सिनेमात काम करणार होती. सिनेमा थांबला नाही. तिच्याच शाळेत, तिच्या वर्गमित्रांना घेऊन त्यातला काही भाग चित्रित झाला, आणि सिनेमा तिलाच अर्पण केला आहे. शेवटी बंदराच्या धक्क्यावर, पांढऱ्या टोप्या घातलेल्या पास झालेल्या पोरांच्या गर्दीत, माड्सचा मार्टिन नाचतो. पन्नाशी ओलांडलेला माणूस, नाच सोडून पंचवीसेक वर्षं झालेला. तो थांबतो, बसतो, परत उठतो, मग शरीर त्याला ओढून नेतं. मित्राची अंत्ययात्रा नुकतीच झालेली आहे, म्हणून ते नाचणं आनंदाचं की फुटून रडण्याचं, मला तीनदा बघूनही ठरवता आलेलं नाही. त्या सिनेमाला ऑस्कर मिळालं. डॅनिश भाषेत, डॅनिश बंदरावर.

म्हणून मला आपल्याकडचा तो नेहमीचा प्रश्न आवडत नाही: "मग, हिंदीत कधी जाणार?" चांगलं काम करणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाला, मुलीला आपण हा विचारतो. प्रेमानेच विचारतो, पण आहेस तिथे पुरेसं नाहीस असंच त्यातून सांगत असतो. जावं की, जरूर जावं, पैसे चांगले मिळतात आणि घर चालवायचं असतं. पण परत येऊन करावं असं काही इथे लिहून ठेवलंय का, हे आपण एकमेकांना विचारतो का? साठ लाखांच्या भाषेत त्याच्यासाठी वीस-पंचवीस वर्षं कोणीतरी सतत भूमिका लिहीत होतं. मराठी बोलणारे आपण आठ कोटींहून जास्त आहोत.

शेवटी 'आफ्टर द वेडिंग'कडेच येते. अनाथालयात याकोबने जीव लावून वाढवलेला प्रमोद नावाचा एक मुलगा आहे. डेन्मार्कमध्ये आयुष्य उलटंपालटं झाल्यावर याकोब त्याला भेटायला येतो आणि विचारतो, माझ्याबरोबर चल, तिकडे राहशील? पोरगा विचार करतो आणि नको म्हणतो. त्या क्षणी माड्सचा चेहरा बघा. दुखावलेला आहे, आणि पोराला नेमकं काय म्हणायचंय ते त्याला कळलेलंही आहे. मग मुलं खेळत असतात तिकडे तो बघत राहतो.

ज्यांनी पाहिला असेल त्यांनी खाली लिहा, तुम्हाला त्या चेहऱ्यात काय दिसलं.