आफ्रिकेत तज्ज्ञ नाहीत, असं कोण म्हणतं?

“आफ्रिकी सरकारांना विज्ञानाचा सल्ला द्यायला तिथे तज्ज्ञच नाहीत. बाहेरून चार माणसं आणा, एक सल्लागार परिषद नेमा, झालं काम.” हा दावा शब्द बदलून सगळीकडे फिरतोय. त्यातलं एकही वाक्य टिकत नाही.

तज्ज्ञ नाहीत? १ फेब्रुवारी २०२१ ला पुण्याच्या सीरमचे कोविड लसीचे १० लाख डोस दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गला उतरले. राष्ट्राध्यक्ष स्वतः विमानतळावर हजर. आठवड्याच्या आत सरकारने ती लस थांबवली. लसतज्ज्ञ शब्बीर माढी यांच्या तिथल्याच चाचणीत दिसलं होतं, की कोरोना विषाणूच्या तेव्हा तिथे पसरलेल्या बीटा या प्रकारामुळे होणारा सौम्य-मध्यम आजार ती फारसा रोखत नाही. निर्णयावर वाद घालता येईल, कारण गंभीर आजाराबद्दल ती चाचणी काहीच सांगत नव्हती. पण चाचणी घरची, सल्ला घरचा, आणि मंत्र्यांनी तो ऐकलाही.

बाहेरची माणसं? तोही प्रयोग याच देशात होऊन गेलाय. २००० साली राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकींनी एड्सवर सल्लागार मंडळ नेमलं. एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच न मानणारे अमेरिकेचे पीटर ड्यूसबर्ग त्यात सन्मानाने बसले. त्याच मंडळात सलीम अब्दुल करीम यांच्यासारखे देशी शास्त्रज्ञही होते, पण त्यांचं कोण ऐकतंय! औषधं रखडली. गरोदर बायकांना नेविरापीन (आईकडून बाळाला होणारी एचआयव्हीची लागण रोखणारं औषध) द्यायला सरकारला भाग पाडलं ते २००२ साली घटनात्मक न्यायालयाने. या धोरणापायी ३ लाख ३० हजारांहून अधिक जीव गेले, असा हार्वर्डच्या संशोधकांचा २००८ चा अंदाज आहे. आणि २०२० मध्ये कोविड सल्लागार समितीचे अध्यक्ष कोण? हेच करीम. सल्ला देणारा तोच होता, विचारणारे बदलले होते.

राहिली परिषद. केनियात २००९ च्या कायद्याने जैवसुरक्षा प्राधिकरण आलं, जनुकबदल केलेली पिकं-अन्न सुरक्षित आहे का ते तपासणारं. तरी नोव्हेंबर २०१२ मध्ये मंत्रिमंडळाने, त्याला न विचारताच, जनुकबदल केलेल्या अन्नाची आयात बंद केली. निमित्त होतं असं अन्न घातक ठरवणाऱ्या, उंदरांवरच्या एका फ्रेंच अभ्यासाचं. पुढच्याच वर्षी नियतकालिकाने तो शोधनिबंध मागे घेतला; बंदी उठवायला मंत्रिमंडळाला ऑक्टोबर २०२२ उजाडला. अशा ठिकाणी आणखी एक परिषद काय करणार? प्राधिकरणाचं लेखी मत जोडल्याशिवाय असा विषय मंत्रिमंडळापुढे येऊच नये, हा नियम हवा होता.