मयत सभासदांची थकबाकी

आमच्या वाचनालयाचा सगळा कारभार इतकी वर्षे फॉक्सप्रो या नोंदी ठेवण्याच्या जुन्या संगणक-प्रणालीवर चालला, आणि त्या घराण्यातल्या शेवटच्या आवृत्तीचा आधार मायक्रोसॉफ्टने २०१५ सालीच काढून घेतल्याची वार्ता कार्यकारिणीच्या कानी पडण्यासाठी जुन्या संगणकाला प्राण सोडावा लागला. पैसे पडत नाहीत, या एकाच गुणावर 'कोहा' ही ग्रंथालयांसाठीची मुक्तस्रोत प्रणाली एकमताने मंजूर झाली. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयात ती २००० सालापासून वापरात आली हे सांगताच, "म्हणजे जुनीच आहे की!" असे अध्यक्ष हळहळले. माहिती हलवण्याचे काम माझ्याकडे आले, कारण त्या सभेत जागा असलेला सभासद मीच होतो.

कोहाला पुस्तकाचे नाव २४५ क्रमांकाच्या रकान्यात लागते आणि लेखकाचे १०० क्रमांकाच्या. आमच्याकडे दोन्ही एकाच रकान्यात, स्वल्पविरामाच्या भरवशावर नांदत होती. त्यामुळे ज्या शीर्षकात मुळातच स्वल्पविराम होता, त्याचा उत्तरार्ध लेखकपदाला पोहोचला. मराठीचे दुखणे आणखी निराळे. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टंकलेला, तर युनिकोड या आजच्या प्रमाण अक्षरसंकेताचा क्रम नेमका उलटा. तेव्हा तमाम शिंदे 'िशंदे' झाले आणि कुलकर्णी 'कुलकणीर्'. ग्रंथपालबाईंनी पडद्याकडे पाहून, "यांना हाक कशी मारायची?" एवढेच विचारले.

खरा प्रसंग पुढेच होता. फॉक्सप्रोचा स्वभाव भिडस्त. नोंद काढून टाकायला सांगितली, तर ते तिच्यावर गुपचूप एक खूण करून ठेवते. ती कायमची घालवायची तर 'पॅक' अशी वेगळी आज्ञा द्यावी लागते, आणि ती आमच्याकडे आजतागायत कोणी दिलेली नव्हती. जुना प्रोग्राम खुणेच्या नोंदी निदान झाकून तरी ठेवी. मी आणलेल्या रूपांतरकाला ही रीत ठाऊक नसल्याने राजीनामा दिलेले, गाव सोडलेले आणि कैलासवासी झालेले सभासद आपापल्या न परतवलेल्या पुस्तकांसह कोहात दाखल झाले, आणि कोहाने कसलाही भेदभाव न करता सर्वांना मुदत उलटल्याच्या स्मरणपत्रांच्या यादीत घेतले.

ही नावे काढून टाकण्याची परवानगी मागायला मी सचिवांकडे गेलो. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "अहो, 'ब' वर्गातून 'अ' वर्गात जायला आपल्याला सभासदच कमी पडतायत. अनुदानाची तपासणी होईपर्यंत यांना राहू देता येणार नाही का?"