तिसऱ्या सत्राला तुमची गाडी का थांबवली

नमस्कार. करी मोटर स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकवरच्या आमच्या ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर पळवायच्या दिवसाला, तुम्ही दोन तारे दिलेत. तक्रार अशी, की पुण्याहून थेट कोइमतूरपर्यंत गाडी चालवत आलात, ब्रेक पॅड महिन्यापूर्वीच बदललेले होते, दुसऱ्या सत्रात ब्रेकचं पेडल एकदा खाली गेलं, पण वीस मिनिटांनी पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या गाड्या उभ्या करायच्या जागेत) कडक लागत होतं. तरी आम्ही तिसऱ्या सत्राला गाडी ट्रॅकवर सोडली नाही आणि पैसेही परत दिले नाहीत. एवढ्या लांब येऊन गाडी उभी राहिली, राग येणारच. पण निर्णय बदलणार नाही, आणि कारण पहिल्यांदा ट्रॅकवर येणाऱ्या प्रत्येकाने वाचावं.

पॅड तापून पकड सुटली तर पेडल कडकच राहतं, गाडी मात्र थांबत नाही. पेडल खाली गेलं म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पायाचा जोर बुडबुडे चेपण्यातच संपतो. गार झाल्यावर वाफेचं पुन्हा ऑइल होतं आणि पेडल कडक लागतं. म्हणून उभ्या गाडीचं पेडल दाबून काहीच कळत नाही. ऑइल तेच, त्यात मुरलेलं पाणीही तेच.

हे पाणी हवेतल्या ओलाव्यातून येतं. ब्रेक ऑइलच्या प्रती डॉट ३, डॉट ४ अशा आकड्यांनी ओळखतात. डॉट ३ नवं असताना निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी मुरलं की ती हमी १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. पॅड बदलले म्हणजे ऑइल बदललं असं नसतं. तुमच्या ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल कोऱ्या चहासारखं झालं होतं. रस्त्यावर याचा पत्ता लागत नाही, कारण ताशी १२० वरून थांबताना ब्रेकना ६० च्या चौपट ऊर्जा जिरवावी लागते, आणि करीची फेरी अवघी २.१ किलोमीटरची असल्याने ब्रेकना गार व्हायला उसंत मिळत नाही.

येण्याआधी कंपनीच्या मॅन्युअलला चालणारं डॉट ४ किंवा ५.१ चं सीलबंद डब्यातलं ऑइल आणा, लिटरभर पुरतं. चारही चाकांतून स्वच्छ, बिनबुडबुड्यांचं ऑइल येईपर्यंत जुनं काढा. चाकांचा क्रम मॅन्युअलमधलाच ठेवा. मधेच टाकी रिकामी झाली तर एअर शिरते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. डॉट ५ घेऊ नका, ते सिलिकॉनचं असतं आणि यात मिसळत नाही. पॅड निम्म्याहून कमी उरले असतील तर तेही बदला.

प्रत्येक सत्राची शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता मारा. पिटमध्ये हँडब्रेक ओढू नका. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला अडण लावा. चाकं गार झाल्यावर नट टॉर्क पान्याने तपासा. टायरमधली हवा तापून पाच-सहा पीएसआय वाढते, ती आपण कमी करतो. घरी निघण्यापूर्वी गार टायरमध्ये पुन्हा भरा. आणि खासगी गाडीच्या नेहमीच्या विम्यात शर्यत व वेगचाचणी धरत नाहीत, हे ठाऊक असू द्या.

ट्रॅकचं भाडं, ॲम्ब्युलन्स आणि मार्शल (ट्रॅकवर सुरक्षेसाठी उभी असणारी माणसं) यांचे पैसे आधीच भरलेले असतात, त्यामुळे रोख परतावा देता येत नाही. तुमची उरलेली सत्रं मात्र पुढच्या ट्रॅक डेला धरू. येताना ब्रेक ऑइल बदलल्याचं बिल आणा.