मतदारसंघ नसलेले मंत्री

महाराष्ट्रात मंत्रिमंडळाचा विस्तार आला की इकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ठरलेलं वाक्य उगवतं: मंत्री नेमावेत तर अमेरिकेसारखे. डिसेंबर २०२४ मध्ये ते जरा जास्तच उगवलं. १५ तारखेला नागपूरला ३९ जणांचा शपथविधी झाला. छगन भुजबळांचं नाव यादीत नव्हतं, आणि ‘जहाँ नहीं चैना, वहाँ नहीं रहना’ असं पत्रकारांना ऐकवून ते नाशिककडे निघाले. सुधीर मुनगंटीवार, दीपक केसरकर, तानाजी सावंत यांचाही पत्ता कटला होता. येवल्यातला माझा मामेभाऊ रोज रात्री फोन करून ताजी नाराजी कळवायचा, आणि शेवटी विचारायचा, ‘तुमच्याकडे बरंय ना रे, शिकलेली माणसं बसवतात, कुणी रुसत नाही?’

रुसत नाही हे खरं. का रुसत नाही, हे सांगायला मात्र मला २००४ साल आठवावं लागतं.

त्या नोव्हेंबरात जॉर्ज डब्ल्यू. बुश दुसऱ्यांदा निवडून आले. अध्यक्ष ठरवणारी प्रतिनिधी मतं २८६ विरुद्ध २५१. दोन दिवसांनी पत्रकार परिषदेत ते म्हणाले की या निवडणुकीत मी राजकीय भांडवल कमावलंय आणि आता ते खर्च करणार आहे. खर्चाची सुरुवात स्वतःच्या मंत्रिमंडळापासून झाली. ९ तारखेला ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे मंत्री, ॲशक्रॉफ्ट आणि वाणिज्यमंत्री इव्हान्स यांचे राजीनामे जाहीर झाले. १५ तारखेला एकाच दिवशी चार: परराष्ट्र, शिक्षण, ऊर्जा, कृषी. मग अंतर्गत सुरक्षा, आरोग्य, माजी सैनिक कल्याण. १५ खात्यांपैकी ९ खात्यांचे मंत्री बदलले. मी तेव्हा उत्तर व्हर्जिनियात नवा होतो. आमच्या आसपास निम्मी घरं या ना त्या सरकारी खात्यावर जगणारी, तरी गल्लीत कुणी फटाके लावले नाहीत की टायर जाळले नाहीत. शेजारच्या बाईंच्या खात्याचा मंत्री गेला, तर त्यांना काळजी एवढीच की नवा साहेब अर्धवट राहिलेला प्रकल्प चालू ठेवील का.

या नऊ जणांत एकच नाव जगाला माहीत होतं, परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल. इराकच्या बाबतीत हा माणूस मंत्रिमंडळात सर्वांत नाखूश होता, आणि फेब्रुवारी २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत जाऊन युद्धाची बाजू मांडली ती मात्र त्यानेच. लोकप्रियतेत तो अनेकदा अध्यक्षांच्याही पुढे असायचा. असा मंत्री गेला, तेव्हा एक पत्र आलं, एक निवेदन आलं, आणि दुसऱ्या दिवशी कॉन्डोलिझा राईस यांचं नाव जाहीर झालं. कुठे काही हललं नाही. हलणार कसं? पॉवेलना कुणी निवडून दिलेलं नव्हतं. इथल्या घटनेप्रमाणे संसदेचा सभासद मंत्री होऊच शकत नाही. व्हायचं असेल तर आधी जागा सोडावी लागते. म्हणजे मंत्र्याच्या पाठीशी आमदार नाहीत, खासदार नाहीत, तालुका नाही. त्याची सगळी ताकद एका माणसाच्या मर्जीत. मर्जी गेली की तो नागरिक.

त्यांच्या जागी कोण आलं ते पाहा. राईस अध्यक्षांच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार होत्या. ॲटर्नी जनरलपदासाठी नेमलेले अल्बर्टो गोन्झालेस व्हाइट हाउसचे वकील. शिक्षण खात्याच्या मार्गारेट स्पेलिंग्ज टेक्सासपासून बुश यांच्यासोबत काम करणाऱ्या. तिघंही हुशार, पण अध्यक्षांच्या दालनातून उठून थेट खात्यांत गेलेले. ग्रुपवरचे मित्र यालाच गुणवत्ता म्हणतात. मला त्यात गुणवत्तेइतकीच निष्ठाही दिसते. आणि ‘तिथे जातपात बघत नाहीत’ हेही फारसं खरं नाही. परराष्ट्र खात्यावर पहिली कृष्णवर्णीय महिला, न्याय खात्यावर पहिला हिस्पॅनिक माणूस, वाणिज्यला क्युबात जन्मलेले कार्लोस गुटिएरेझ. बुश यांना समाजांची बेरीज चांगली येत होती. फक्त त्या समाजांनी या मंत्र्यांना पाठवलेलं नव्हतं, अध्यक्षांनी निवडलं होतं. उद्या काढलं तर समाज कुणाला जाब विचारणार?

इथे आपल्याकडचं एक जुनं उदाहरण मला राहून राहून आठवतं. चिंतामणराव देशमुख हे अमेरिकी पद्धतीतही सहज मंत्री झाले असते असे गृहस्थ: आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० पासून नेहरूंचे अर्थमंत्री. पण भारतात मंत्रिपद टिकवायचं तर संसदेत असावं लागतं, म्हणून १९५२ मध्ये ते कुलाब्यातून, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातून, लोकसभेवर निवडून आले. १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करायचं ठरलं, शहरात गोळीबार झाला, माणसं मेली, चौकशी झाली नाही. देशमुखांनी राजीनामा दिला आणि जुलैत लोकसभेत उभं राहून, खुद्द नेहरूंच्या समोर, कारणं सांगितली. त्यांना बोलण्याचा हक्क कुलाब्याने दिला होता, पंतप्रधानांनी नव्हे. मंत्रिपद गेलं तरी बाक शाबूत होता.

अमेरिकेत तत्त्वासाठी कुणी उठून गेलंच नाही असं नाही. १९७३ मध्ये वॉटरगेटच्या धामधुमीत, चौकशी करणाऱ्या विशेष वकिलाला काढण्याचा अध्यक्ष निक्सन यांचा आदेश नाकारून ॲटर्नी जनरल इलियट रिचर्ड्‌सन गेले, १९८० मध्ये इराणमधल्या ओलिसांच्या सुटकेच्या मोहिमेला विरोध म्हणून परराष्ट्रमंत्री सायरस व्हॅन्स गेले. ते त्यांच्या सद्सद्‌विवेकाचं बळ. व्यवस्थेने त्यांना त्यासाठी काही दिलेलं नव्हतं.

एवढं ऐकून मामेभाऊ खूश झाला. म्हणाला, ‘म्हणजे आपलंच बरं.’ पण त्याला खूश करायला मी हे सांगत नव्हतो. आपल्या मंत्र्याला मतदारसंघाचं बळ असतं, हे कबूल. त्या बळावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत धोरणासाठी किती जण भांडले? भांडण होतं ते खात्यासाठी, तेही मलईदार. नंतर पालकमंत्रिपदासाठी. जानेवारी २०२५ मध्ये पालकमंत्र्यांची यादी लागली आणि दुसऱ्याच दिवशी रायगड आणि नाशिक या दोन जिल्ह्यांच्या नेमणुकांना स्थगिती द्यावी लागली. भुजबळ मे महिन्यात परत मंत्री झाले, ते काही वाद जिंकून नव्हे. मार्चमध्ये धनंजय मुंडे यांनी राजीनामा दिला होता आणि जागा मोकळी होती. २००४ पासून येवल्याने भुजबळांना सतत निवडून दिलं. त्या मतांचा उपयोग कांद्याच्या भावावर सरकारला अडवायला झाला असता, तर माझा हा लेख अर्ध्यात संपला असता.

आणि नागपूरच्या त्या आठवड्यात एक गोष्ट घडली तिच्याबद्दल इथे किंवा तिथे कुणी फारसं चिडलेलं मला दिसलं नाही. १५ डिसेंबरला शपथ, १६ पासून हिवाळी अधिवेशन, आणि खातेवाटप झालं २१ तारखेला, अधिवेशन आटोपता आटोपता. आठवडाभर विधानसभेत बिनखात्याचे मंत्री बसले होते. कुणाला काय विचारायचं?

इथे अमेरिकेकडून घेण्यासारखं खरंच काही आहे, आणि ते ‘शिकलेली माणसं’ नव्हे. ते म्हणजे सिनेटपुढची, तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहापुढची, सुनावणी. नेमलेल्या माणसाने काम हाती घेण्यापूर्वी समितीसमोर बसायचं, आणि विरोधकांनी तासन्‌तास, टीव्हीवर, नोंदीवर विचारायचं. जानेवारी २००५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सिनेटर बार्बरा बॉक्सर यांनी राईस यांना त्यांचीच इराकविषयीची जुनी विधानं वाचून दाखवली. गोन्झालेसना कैद्यांच्या छळाविषयीच्या २००२ च्या कायदेशीर टिपणांवर धारेवर धरलं. दोघांनाही मंजुरी मिळालीच, राईस यांना ८५ विरुद्ध १३ आणि गोन्झालेसना ६० विरुद्ध ३६ मतांनी. पण ते बोलले ते कायमचं नोंदलं गेलं. न्यूयॉर्कचे माजी पोलीस आयुक्त बर्नार्ड केरिक यांचं नाव अंतर्गत सुरक्षेसाठी पुढे आलं होतं. घरकामाच्या बाईचा इमिग्रेशनचा दर्जा आणि न भरलेला कर निघाला, आणि आठवड्याभरात त्यांनी माघार घेतली, सुनावणीची वेळही आली नाही. नुसत्या सुनावणीच्या धाकाने एक नाव गळलं. आपल्याकडे निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात गुन्ह्यांची यादी जाहीर असते, तरी शपथ देताना तो कागद कुणी उघडत नाही.

या सुनावणीचाही आता बराचसा देखावा झालाय. जानेवारी २०२५ मध्ये संरक्षणमंत्री पीट हेगसेथ ५०-५० अशा बरोबरीनंतर उपाध्यक्षांच्या एका मताने पार पडले. पक्षाने ठरवलं की प्रश्नांना काय किंमत राहते ते तेव्हा दिसलं. तरी मला तो देखावाही हवा आहे. आपल्या संसदीय पद्धतीत शपथेआधी मंजुरी बसणार नाही, हे मला कळतं. खातेवाटपानंतर महिन्याभरात प्रत्येक मंत्र्याने विधिमंडळाच्या एका समितीपुढे, कॅमेऱ्यासमोर, खात्याविषयी चार तास उत्तरं द्यायची, याला घटना कुठे आडवी येते? येवल्यातून याला उत्तर आलं: ‘चार तास? आमच्याकडे चार मिनिटांत सभात्याग होईल.’ होऊ दे. निदान कोण कशावरून उठून गेला हे तरी दिसेल.

२००४ च्या फेरबदलातली सर्वांत मोठी गोष्ट मात्र जे गेले त्यांच्यात नव्हती. संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड राहिले. इराकमधल्या अबू घरेब तुरुंगातल्या कैद्यांच्या छळाची छायाचित्रं त्याच वर्षी बाहेर आली होती. डिसेंबरात कुवेतमध्ये एका सैनिकाने त्यांना तोंडावर विचारलं की आम्हाला गाड्यांसाठी चिलखती पत्रे भंगारात का शोधावे लागतात, तर उत्तर आलं की जे सैन्य हाताशी असतं तेच घेऊन युद्धावर जावं लागतं. अध्यक्षांची मर्जी शाबूत होती. सिनेटने त्यांना २००१ मध्येच मंजूर केलेलं, त्यामुळे नवी सुनावणी नाही. कुठल्या जिल्ह्यातून ते निवडून आलेले नव्हते, त्यामुळे त्यांना पाडायला मतदारही नाहीत. अखेर नोव्हेंबर २००६ मध्ये, अध्यक्षांच्या मुदतीच्या मध्यावर होणाऱ्या संसदेच्या निवडणुकांत, लोकांनी रागाने भलत्यांनाच, म्हणजे बुश यांच्या पक्षाच्या खासदारांना, घरी बसवलं. दुसऱ्या दिवशी रम्सफेल्ड यांचं जाणं जाहीर झालं. त्या दोन वर्षांत इराकमध्ये दीड हजारांवर अमेरिकी सैनिक मेले, आणि इराकी किती, यावर तर अजून वाद चालू आहे.