100 किलो काढले की एक सेकंद कमी? गाडीच्या वजनाचा हिशेब नीट मांडूया

गाडीवेड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर आणि रील्समध्ये एक मजकूर सतत फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात: ‘गाडीतून 100 किलो काढले की ताशी 0 ते 100 किलोमीटर गाठायचा वेळ एका सेकंदाने कमी होतो. 10 किलो म्हणजे 1 बीएचपी ताकद. चाकाचा 1 किलो म्हणजे बॉडीचे 10 किलो. टॉप स्पीडही वाढतो. तेव्हा स्टेपनी, मागची सीट, एसी आणि एअरबॅगचं स्टीअरिंग काढून टाका. पोर्शेवाले हेच करतात आणि वर जास्त पैसे घेतात.’

हलकी गाडी वळणावर काय सुख देते ते मला ठाऊक आहे. इंजिनाच्या ताकदीमागे लागण्याआधी वजनाकडे बघावं, हे माझंही मत आहे. म्हणूनच हा मजकूर जास्त खटकतो. चांगल्या विचाराचं त्यात पाना घेऊन नट सोडवण्याइतकं सोपं काम करून टाकलं आहे, आणि त्यातला एक सल्ला तर जिवावर बेतणारा आहे.

‘100 किलो म्हणजे एक सेकंद’

यासाठी बीएमडब्ल्यूने स्वतःच करून ठेवलेला प्रयोग पाहावा. 2003 साली त्यांनी ई46 पिढीच्या एम3 या जोरकस गाडीची सीएसएल ही हलकी आवृत्ती काढली. छत कार्बन फायबरचं, डिकीचा तळ कागदी हनीकोंबचा, मागची काच पातळ, एसी आणि रेडिओ मागितले तरच मिळणार. साधी एम3 साधारण 1495 किलोंची होती, सीएसएल 1385 किलोंची. म्हणजे 110 किलो कमी. शिवाय ताकद 343 वरून 360 पीएस (पीएस हे बीएचपीच्या जवळपास बरोबरीचं एकक). कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे 0 ते 100 ला साध्या एम3ला 5.2 सेकंद लागत, सीएसएलला 4.9. वजन उतरवून आणि ताकद वाढवून, दोन्ही मिळून हाती आले 0.3 सेकंद.

एवढे कमी का? ताकद आणि वजन यांचं गुणोत्तर सीएसएलमध्ये सुमारे 13 टक्क्यांनी सुधारलं होतं. वेळही तितकाच कमी झाला असता तर 4.6 सेकंद दिसायला हवे होते. पण जोरकस गाडी सुटताना पहिला काही वेळ इंजिनाच्या ताकदीला वाव नसतो, टायरच्या पकडीलाच मर्यादा असते. त्या टप्प्यात वजन कमी केल्याचा फायदा जवळजवळ शून्य. गाडी हलकी झाली की ढकलायला जोर कमी लागतो खरा, पण चाकांवरचा भार घटल्यामुळे रस्त्यावर उतरवता येणारा जोरही जवळजवळ त्याच प्रमाणात घटतो. दोन्ही एकमेकांना कापतात.

आपल्याकडच्या 120 बीएचपीच्या हॅचबॅकचं उदाहरण घेऊ. चालकासह 1300 किलो वजन आणि 0 ते 100 ला दहाएक सेकंद. यातून 100 किलो काढले तर गणिताने पाऊण सेकंदाच्या आसपास फरक पडेल. पण रस्त्यावरच्या गाडीतून 100 किलो निघतात कुठे? स्टेपनी 15 किलो, जॅक आणि हत्यारं 4, मागची सीट 25 ते 30, एसीचं सगळं सामान 20 च्या आत. बेरीज सत्तरीपाशी थांबते आणि वेळेतला फरक अर्ध्या सेकंदाजवळ. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीला, उतरणाऱ्याला अर्धा सेकंद मोठा वाटेल, ते मान्य. पण त्या दिवसापुरती स्टेपनी काढून ठेवता येते आणि संध्याकाळी परत बसवता येते. गाडी कायमची सोलून काढायचं काही कारण नाही.

हलकेपणाची खरी कमाई या मजकुरात कुठेच नाही, याचं मला सर्वांत वाईट वाटतं. ती कमाई वळणावर आणि ब्रेकवर आहे. टायरवरचा भार दुप्पट केला तर त्याची पकड दुप्पट होत नाही, त्यापेक्षा कमी वाढते. म्हणजे त्याच टायरवर हलकी गाडी बसवली की दर किलोमागे पकड जास्त मिळते. हा लाभ प्रत्येक वळणावर मिळत राहतो. ब्रेकचंही तसंच. 100 च्या वेगाने धावणारी 1300 किलोंची गाडी थांबवताना ब्रेकना सुमारे 500 किलोज्यूल उष्णता पचवावी लागते. 1200 किलोंच्या गाडीला सुमारे 460. एकदाच थांबायचं असेल तर फरक जाणवणार नाही. कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवे या रेसट्रॅकवर लॅपमागून लॅप मारताना किंवा पसरणी घाटातून वाईकडे उतरताना मात्र हीच उष्णता साठत जाते, पॅडचा वास येऊ लागतो, पेडल मऊ पडतं. हलक्या गाडीचं पेडल जास्त वेळ शाबूत राहतं.

जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग या रेसट्रॅकच्या 20 किलोमीटरहून लांब फेरीत ही एम3 आणि सीएसएल तोलून पाहिल्या गेल्या. जर्मन मासिक ‘स्पोर्ट ऑटो’च्या चाचण्यांत साधी एम3 8 मिनिटं 22 सेकंदांत आली, सीएसएल 7 मिनिटं 50 सेकंदांत. सरळ रेषेत 0.3 सेकंदाची आघाडी असलेली गाडी फेरीत अर्ध्या मिनिटाने पुढे! तरी हे सगळं श्रेय वजनाला देणंही चुकीचं ठरेल. सीएसएलला ट्रॅकसाठी बनवलेले, जवळपास स्लिकसारखे (बिनखाचांच्या रेसिंग टायरसारखे) मिशेलिन कप टायर होते आणि सस्पेन्शनही वेगळं होतं. टायरवर खर्च करायच्या आधी सीट उचकटायला निघालेल्यांनी एवढी एक गोष्ट लक्षात घ्यावी.

‘10 किलो म्हणजे 1 बीएचपी’

हे सूत्र चूक नाही, अर्धवट आहे. 1300 किलो आणि 120 बीएचपीच्या गाडीत एका बीएचपीच्या वाट्याला जवळपास 11 किलो येतात, त्यामुळे तिथे ते बसतं. 1500 किलो आणि 500 बीएचपीच्या स्पोर्ट्सकारमध्ये 3 किलो काढले तरी 1 बीएचपीचं काम होतं. 1996 च्या लोटस एलिसमध्ये, साधारण 725 किलो आणि 118 बीएचपी, हा आकडा 6 किलोंच्या आसपास येतो. आपल्या गाडीचं वजन भागिले ताकद, एवढंच गणित. तेही वेग घेताना लागू होतं, हवेचा विरोध मोठा झाला की त्याचा प्रभाव ओसरतो.

‘टॉप स्पीडही वाढतो’

जवळजवळ नाही. 200 च्या वेगाला गाडीला अडवणाऱ्या एकूण जोरापैकी बहुतांश हवेचा असतो आणि हवेला गाडीच्या वजनाशी देणंघेणं नाही. वजनाचा संबंध येतो तो टायरच्या घर्षणापुरता. हिशेब केला तर 100 किलो काढून त्या वेगात ताशी एका किलोमीटरचीही भर पडत नाही. 2005 ची बुगाटी व्हेरॉन जवळपास 1900 किलोंची होती आणि 1001 पीएसच्या जोरावर ताशी 407 किलोमीटरपर्यंत गेली. त्याउलट ती पिसासारखी एलिस सुमारे 6 सेकंदांत 100 गाठायची, पण 200 च्या आसपास दमायची.

‘चाकाचा 1 किलो म्हणजे बॉडीचे 10 किलो’

मजकुरातला सर्वांत लोकप्रिय आकडा हाच, आणि मॅगव्हील, म्हणजे अलॉयची चाकं, विकणाऱ्यांनी तो तोंडपाठ केलेला असतो. चाक पुढे सरकतं आणि फिरतंही, त्यामुळे त्याला वेग द्यायला जादा जोर लागतो हे खरं. पण किती जादा, याला पदार्थविज्ञानाने कमाल मर्यादा घातली आहे. सगळं वजन टायरच्या अगदी बाहेरच्या कडेवर आहे असं मानलं तरी 1 किलो हा 2 किलोंइतका भरतो, त्यापुढे जाऊ शकत नाही. अलॉयचं वजन तर त्याहून आत असतं. 17 इंची रिमचा 1 किलो साधारण 1.3 ते 1.4 किलोंइतका आणि टायरचा 1 किलो फार तर 1.8 किलोंइतका. दहापट हा आकडा कुठल्याच हिशेबात बसत नाही.

हलक्या चाकाचा दुसरा फायदा मात्र मोलाचा आहे. स्प्रिंगच्या खालचं वजन घटलं की चाक रस्त्याचे उंचसखल भाग चटकन अनुसरतं, टायर जमिनीला चिकटून राहतो. पण त्यासाठी चाक खरोखर हलकं हवं. 16 वरून 18 इंचांवर गेलेली बरीचशी ओतीव अलॉय मूळ चाकापेक्षा जड भरतात. वर टायरची बाजू उथळ झाल्याने पावसाळ्यातल्या पहिल्याच खड्ड्यात रिम वाकतो. दुकानात चाक दिसायला कसं आहे ते बघण्याआधी वजनकाट्यावर ठेवायला सांगावं.

1 किलोची किंमत खरोखर दहापटीच्या वर जाते अशी एक जागा गाडीत आहे, आणि तिचा या मजकुरात उल्लेखही नाही. ती म्हणजे फ्लायव्हील, इंजिनाबरोबर फिरणारी जड चकती. पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिन साधारण 14 फेरे मारतं, आणि फिरत्या वस्तूचा परिणाम या आकड्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो. त्यामुळे फ्लायव्हीलच्या कडेचा 1 किलो पहिल्या गिअरमध्ये गाडीतल्या पंचवीस-तीस किलोंइतका जाणवतो. पाचव्या गिअरमध्ये तोच दीड-दोन किलोंवर येतो. रेसवाले फ्लायव्हील हलकं करतात ते यासाठी. रोज चालवायच्या गाडीत मात्र ट्रॅफिकमध्ये ती वारंवार बंद पडते, रिकाम्या गिअरला खडखडते, चढावर क्लच जास्त घासतो. करायचंच तर हे सगळं माहीत असून करावं.

‘स्टेपनी, सीट, एसी, एअरबॅग काढा’

स्टेपनी आणि मागची सीट दोन्ही मागच्या चाकांजवळ असतात. गाडी मागच्या चाकांवर चालणारी असेल, आणि अस्सल स्पोर्ट्सकार बहुधा तशीच असते, तर सुटताना ज्या चाकांना भार हवा त्यांचाच भार आपण काढून घेतो. वजन किती काढलं याच्याइतकंच ते कुठून काढलं हे महत्त्वाचं आहे. फॉर्म्युला वनचे संघ वर्षानुवर्षं गाडी किमान वजनाच्या खाली बांधत आणि उरलेलं वजन टंगस्टनच्या तुकड्यांनी तळाशी, हवं त्या जागी भरत आले आहेत. छतावरचा 1 किलो आणि तळाचा 1 किलो यांचा वळणातला परिणाम सारखा नसतो.

एसी बंद असताना कॉम्प्रेसर इंजिनाची ताकद खातच नाही म्हटलं तरी चालेल. तो काढून वाचतात ते फक्त त्याचे किलो. आणि जुलैमध्ये कोकणात उतरताना समोरची काच आतून धुरकटली की ती साफ करायला एसीच लागतो.

एअरबॅगबद्दल मी मुलाहिजा ठेवणार नाही. एअरबॅगचं स्टीअरिंग काढून लहान रेसिंग स्टीअरिंग लावल्याने एक-दोन किलो वाचतात. त्या बदल्यात अपघातात छाती आणि चेहरा यांच्यासमोर उरतो स्टीअरिंगच्या मधला धातूचा बॉस. बऱ्याच गाड्यांत सीटबेल्ट ताणून धरणारी यंत्रणाही त्याच सर्किटवर असते, आणि असला जुगाड केला की तीही भरवशाची राहत नाही. मग कुणीतरी रोलकेज, म्हणजे गाडी उलटली तर वाचवणारा आतला पाइपांचा पिंजरा, सुचवतं. रोलकेज स्वतः 30-40 किलोंचा, म्हणजे काढलेल्या वजनातलं निम्मं परत आलं. हेल्मेट न घालता, साध्या सीटबेल्टवर रस्त्यावर चालवताना त्याचा पाइप डोक्याजवळ असतो तो वेगळाच धोका. ट्रॅकवर रोलकेज, हार्नेस (रेसिंगचा अनेक पट्ट्यांचा सीटबेल्ट), हेल्मेट हे सगळं एकत्र असतं म्हणून ते काम करतं.

कायद्याचंही थोडक्यात सांगतो. आरसीवर आसनक्षमता आणि रिकाम्या गाडीचं वजन नोंदवलेलं असतं. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळं होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. अपघातानंतर विमा कंपनी हाच मुद्दा काढते.

‘पोर्शेवाले हेच करतात’

नाही करत. 1973 च्या 911 कॅरेरा आरएस 2.7 मध्ये मागच्या सीट, घड्याळ, दारावरचे हातठेवे गेले होते हे खरं, आणि सर्वांत हलकी आवृत्ती 960 किलोंपर्यंत उतरली. पण त्याच गाडीत पत्रा मुळात पातळ घेतला, काचा पातळ घेतल्या, मागचे रिम आणि टायर पुढच्यापेक्षा रुंद केले, स्प्रिंग-शॉकअ‍ॅब्सॉर्बर नव्या वजनाला जुळवले आणि मागचा भाग वेगात उचलला जाऊ नये म्हणून बदकाच्या शेपटीसारखा तो प्रसिद्ध स्पॉयलर बसवला. काढलं तितकंच घालणंही झालं, फक्त विचार करून. आपण सीट काढतो तेव्हा मागच्या स्प्रिंग तशाच राहतात, गाडीची शेपटी वर येते आणि मागचा भाग उड्या मारू लागतो.

हलकं करण्याची खरी कारागिरी पाहायची तर 2015 ची माझदा एमएक्स-5 पाहा. आधीच्या पिढीपेक्षा ती 100 किलोंहून अधिक हलकी निघाली, आणि एअरबॅग, एसी, सगळं जागच्या जागी ठेवून. बोनेट, डिकीचं झाकण, पुढचे मडगार्ड अ‍ॅल्युमिनियमचे, सांगाड्यात जास्त ताकदीचं पोलाद, आणि उरलेलं एकेक ब्रॅकेट, एकेक स्क्रू तपासून ग्रॅमा-ग्रॅमाने. हलकेपणाच्या हव्यासाची दुसरी बाजूही या क्षेत्राने पाहिली आहे. 1970 मध्ये इटलीतल्या मोन्झा ट्रॅकवर फॉर्म्युला वनचे चालक योखेन रिंट लोटस 72 चालवताना अपघातात दगावले, तेव्हा पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटला होता. ट्रॅकच्या कठड्याची बसवणूकही सदोष होती. कसलेल्या इंजिनिअरांच्या हातून जिथे असं घडू शकतं, तिथे आपल्या गॅरेजमधल्या ग्राइंडरबद्दल काय बोलावं!

वजन कमी करायचंच असेल तर डिकीतला सबवूफरचा खोका, अ‍ॅम्प्लिफायर आणि वर्षभर पडून असलेलं सामान आधी काढा. ट्रॅकवर जाताना टाकी निम्मी ठेवा, 45 लिटरच्या टाकीत त्याने 16-17 किलो वाचतात. पैसे चांगल्या टायरवर, ब्रेक पॅडवर आणि ताज्या ब्रेक ऑइलवर घाला. त्यानंतर चारही चाकांखाली वेगवेगळे काटे ठेवून मोजणारं गॅरेज शोधा. ट्रकच्या वजनकाट्यावर जाऊ नका, त्यावर दहा-वीस किलोंचा फरक नीट दिसत नाही. आणि ‘80 किलो उतरवले’ असं कुणी लिहिलं की पुढचा आणि मागचा आकडा वेगवेगळा मागा.